सेवेतला राग वहीत लिहिणं म्हणजे आर्तध्यान नव्हे



घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे आणि त्याची सेवा करणारी बाई रोज रात्री मनातलं चार ओळी वहीत लिहिते, असं कळलं की आपल्यात तिला तीन गोष्टी ऐकवल्या जातात. पहिली, "सेवेत राग येतोच कसा?" दुसरी, "आला तरी लिहायचा कशाला? ते आर्तध्यान झालं, तिर्यंच गतीचा बंध." तिसरी, "घरातलं कागदावर आणू नये, उद्या कुणाच्या हाती लागलं तर?"

महिला मंडळात, हळदीकुंकवाला, प्रवचन संपल्यावर बस्तीच्या पायऱ्यांवर, ही तिन्ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की आज त्यांना उत्तर द्यायला बसले आहे. ती बोलणाऱ्या बहुतेकांनी एक रात्रही कुणाची कूस बदललेली नसते, हे मी बाजूला ठेवते. ते शास्त्राचं नाव घेऊन बोलतात, तर आपणही शास्त्रानंच बोलू.

आधी पहिलं वाक्य. सेवेत राग येतोच कसा? पाठशाळेत बसलेल्या माणसानं हा प्रश्न विचारू नये. मोहनीय कर्माचे प्रकार आपण लहानपणी पाठ केले. क्रोध, मान, माया, लोभ हे कषाय आणि त्यांच्याबरोबर नऊ नोकषाय: हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा आणि तीन वेद. आता यातली चार नावं घेऊन लकवा झालेल्या माणसाच्या खोलीत जा. अरती म्हणजे दुपारी चार वाजता त्या खोलीत पाऊल टाकायला नको वाटतं ते. शोक म्हणजे काल नावानं हाक मारणारं माणूस आज आपल्याला ओळखत नाही तेव्हा पोटात होतं ते. भय म्हणजे रात्री घशातली घरघर थांबली की उठून छाती हलते का बघावं लागतं ते. आणि जुगुप्सा म्हणजे किळस. चादरीची, वासाची, नखात अडकलेल्या घाणीची.

आपल्या आचार्यांनी किळसेलासुद्धा नाव दिलं, कर्माच्या यादीत जागा दिली. मुनिदीक्षा घेतल्यावरही नोकषायांचा उदय लगेच संपत नाही, असं गुणस्थानाचं शास्त्र सांगतं. मग सकाळी पाचला उठून पाणी गाळणाऱ्या, डबे करणाऱ्या, सूर्यास्ताच्या आत सगळ्यांचं जेवण उरकणाऱ्या आणि रात्री दर दोन तासांनी सासऱ्यांची कूस बदलणाऱ्या बाईकडून तुम्ही कुठल्या गुणस्थानाची अपेक्षा करता?

यावर लगेच उद्दायन राजाचं उदाहरण दिलं जातं. निर्विचिकित्सा अंगाची ती कथा सगळ्यांना माहीत आहे. रोगी मुनीच्या वेशात आलेल्या देवानं आहार घेऊन वांती केली, दुर्गंधीनं सेवक पळाले, पण राजाच्या मनात किळस आली नाही. कथा थोर आहे. पण ती शतकानुशतकं सांगितली जाते ती अशी माणसं दुर्मीळ असतात म्हणून. आणि त्या कथेत राजा एकटा नव्हता. राणी प्रभावती त्याच्याबरोबर उभी होती. आपल्या घरात ही कथा सांगणारे राजेलोक बहुधा बाहेरच्या खोलीत बसलेले असतात.

आता दुसरं वाक्य, आर्तध्यानाचं. हे जड आहे, कारण हे ऐकून बाया खरंच घाबरतात आणि वही बंद करतात.

आर्तध्यानाचे चार प्रकार आहेत. नको असलेलं चिकटलं म्हणून झुरणं, हवं असलेलं गेलं म्हणून झुरणं, दुखण्याची सतत चिंता आणि निदान, म्हणजे पुढच्या सुखाची हाव. चारही प्रकारांत मूळ गोष्ट एकच, की मन एकाच ठिकाणी अडकून राहतं. म्हणून तर त्याला ध्यान म्हटलंय. मग मला सांगा, मन अडकतं कधी? "माझ्याच वाट्याला का?" हे वाक्य भांडी घासताना मनात फिरतं, कणीक मळताना फिरतं, सामायिकाला बसलं तरी फिरतं. दिवसभरात ते चारशे वेळा येतं आणि चारशे वेळा तसंच्या तसं येतं. तेच वाक्य वहीत चारशे वेळा लिहून बघा. लिहिताच येत नाही. दुसऱ्या ओळीला हात थांबतो आणि विचारतो, बरं, मग पुढे? माझ्याच वाट्याला म्हणजे कुणाच्या वाट्याला नाही? कधीपासून? आज नेमकं काय झालं? असे प्रश्न मनात घोळवताना येत नाहीत, लिहिताना येतात. घोळवणं गोल फिरतं, लिहिणं पुढे सरकतं. आर्तध्यान ते पहिलं आहे. दुसऱ्यानं त्यातून पाय निघतो.

आणि निदानाचं म्हणाल, तर बाईला खरा निदानाचा धडा कोण देतं? "कर गं बाई सेवा, पुढच्या जन्मी राणी होशील." "म्हाताऱ्यांचे आशीर्वाद फुकट जात नाहीत, मुलांना चांगली स्थळं येतील." सेवेच्या बदल्यात फळाची हाव लावणं हे निदान आहे. ते उघडपणे, गोड आवाजात, पुण्य म्हणून शिकवायचं, आणि "आज मला कंटाळा आला" एवढं खरं लिहिणाऱ्या बाईला मात्र आर्तध्यानाची भीती घालायची. हा कुठला न्याय?

मग वहीत लिहिणं हे शास्त्राच्या भाषेत काय आहे? माझं म्हणणं, ते आलोचनेच्या घरातलं आहे. प्रायश्चित्ताच्या नऊ प्रकारांत आलोचना पहिली, प्रतिक्रमण दुसरं. आपला दोष आहे तसा मांडणं ही सुरुवात, बाकी सगळं नंतर. इथं कुणी म्हणेल, आलोचना गुरूसमोर करायची असते, वहीसमोर नाही. बरोबर आहे. पण आपल्याकडे निंदा आणि गर्हा असे दोन शब्द आहेत. स्वतःच्या साक्षीनं आपल्या दोषाकडे बघणं ती निंदा, गुरूच्या साक्षीनं सांगणं ती गर्हा. वही म्हणजे आत्मसाक्षीची जागा. जिला महाराजांपुढे किंवा माताजींपुढे बसून बोलायची संधी आहे तिनं जरूर बोलावं. पण जी सहा महिने उंबऱ्याबाहेर पडलेली नाही, जिचं दर्शनसुद्धा घरातल्या फोटोपुढे होतं, तिनं कुणाची वाट बघायची?

एक भेद मात्र पक्का ठेवा. राग हा कषाय आहे, त्याची आलोचना करा. थकवा हा दोष नाही. झोप न मिळणं हे पाप नाही. पाठ दुखणं हा अपराध नाही. आपल्या बाया दोन्ही एकाच गाठोड्यात बांधतात आणि "मी वाईट आहे" म्हणून मोकळ्या होतात. वही गाठोडं सोडते.

जैन माणसानं स्वतःच्या मनाबद्दल लिहायची आपली रीत नाही, असंही एकदा ऐकलं. अहो, आग्ऱ्याचे बनारसीदास कोण होते? समयसार नाटक लिहिणारे, अध्यात्मी, आपलेच. त्यांनी १६४१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी 'अर्धकथानक' लिहिलं. त्यात व्यापारातलं नुकसान आहे, तरुणपणची भानगड आहे, आपले गुण आणि आपले दोष दोन्हींची यादी आहे, आणि झालेली नऊच्या नऊ मुलं गेल्याचं दुःख आहे. भारतीय भाषांतल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांत त्याचं नाव घेतात. एका जैन व्यापाऱ्यानं पावणेचारशे वर्षांपूर्वी जे उघड केलं, ते एका जैन बाईनं आज उशाखालच्या वहीत करू नये?

ज्यांना शास्त्रापेक्षा प्रयोग पटतात त्यांच्यासाठीही सांगते. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या दोघांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलामुलींना चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी साध्या विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक गोष्टीवर. त्रासाबद्दल लिहिणाऱ्यांना लिहून उठल्या उठल्या जास्त वाईट वाटलं. हे लक्षात ठेवा, म्हणजे पहिल्या दिवशी रडू आलं तर घाबरणार नाही. पण पुढच्या काही महिन्यांत, ज्यांनी प्रसंग आणि त्यातल्या भावना असं दोन्ही लिहिलं होतं, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नुसत्या भावना ओतणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. पुढे असे खूप अभ्यास झाले, फायदा कुठे दिसला, कुठे थोडाच दिसला. वही म्हणजे रामबाण औषध नव्हे. पण ती विष आहे असं म्हणणाऱ्यांच्या हातात तर काहीच नाही.

आता लिहायचं कसं? इथं एक जण हमखास दुकानातली छापील वही आणून देतं: 'आज मी कशासाठी कृतज्ञ आहे, तीन गोष्टी लिहा.' रोज तीन! रात्री तिसऱ्यांदा चादर बदलून बसलेल्या बाईनं कृतज्ञतेचे रकाने भरायचे. हेही मला मान्य नाही. कृतज्ञता आली तर लिहा, पण मागून आणलेली कृतज्ञता ही मायाच आहे, तिसऱ्या कषायाची धाकटी बहीण म्हणा हवं तर.

खरं कसं लिहावं याचे नियम आपल्याकडे फार जुने आहेत. शिवार्यांच्या भगवती आराधनेत आलोचनेचे दहा दोष सांगितले आहेत. ते मुनींसाठी आहेत, पण मी ते वहीला लावून बघते. त्यातले पाच तर रोज उपयोगी पडतात.

आकंपित: ऐकणाऱ्याला दया यावी अशा बेतानं सांगणं. वहीत "मी बिचारी" वारंवार आलं की समजा, आपण वहीला पाघळवतोय.

दृष्ट: दुसऱ्यानं पाहिलं तेवढंच सांगणं. नणंदेसमोर आवाज चढला तो लिहिला, पण बंद खोलीत मनात काय आलं ते गाळलं.

बादर: मोठं तेवढं सांगून बारीकसारीक सोडून देणं.

सूक्ष्म: बारीक तेवढं सांगून मोठं लपवणं. "आज माळ राहिली" लिहायचं, आणि "ह्या लवकर सुटल्या तर बरं, असं मनात आलं" हे लिहायचं नाही. मैत्रिणींनो, हा विचार लांबच्या आजारपणात फार जणींच्या मनात येतो. मनात आला म्हणजे तुम्ही तसं केलं असं नाही. पण तो न लिहिता पोटात ठेवला की रोज थोडं थोडं कुरतडतो.

शब्दाकुलित: गोंगाटात सांगणं, म्हणजे सांगितलं तर खरं, पण ऐकू कुणालाच नाही. टीव्ही लावून, मोबाइल चाळत लिहिणं ते हेच.

माझी स्वतःची पद्धत सांगते. सासूबाईंना लकव्याचा झटका आल्यापासून आता तिसरं वर्ष चालू आहे. मी शाळेची साधी शंभर पानी वही घेते. सामायिकानंतर पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. आधी वेळ आणि प्रसंग, मग मनात आलं ते, मग जमलं तर त्याचं शास्त्रातलं नाव. उदाहरणार्थ: 'रात्री २.१०. तिसऱ्यांदा चादर. किळस आली. आईंची नाही, वासाची. जुगुप्सा.' किंवा 'दुपारी वन्सं फोनवर म्हणाल्या, आईला नीट भरवता ना? हात थरथरला. क्रोध, आणि त्याखाली मान.' घंटा वाजली की वाक्य अर्धं असलं तरी वही बंद. नाव लिहिलं की राग जरा हातभर लांब जाऊन उभा राहतो. मी म्हणजे राग नव्हे, हा उदयाला आलेला कषाय आहे, असं दिसतं. अन्यत्व भावना मी वीस वर्षं म्हणत होते, तिचा अर्थ मला वहीत हाताला लागला.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. दोन महिन्यांची पानं एकदा सलग वाचली, तेव्हा दिसलं की चिडचिडीच्या बहुतेक सगळ्या नोंदी रात्री दोन ते पहाटे पाच या वेळातल्या आहेत. घाण काढताना राग नव्हता, भरवताना नव्हता. सलग झोप तुटली की येत होता. म्हणजे माझ्या धर्मात काही कमी नव्हतं, माझ्या झोपेत होतं. त्यावर माळ जपणं हा उपाय नाही. उपाय आहे दुसऱ्या माणसाचा हात. मी ती पानं दाखवली नाहीत, फक्त तारखा आणि वेळा एका कागदावर उतरवून घरात ठेवल्या. आज आठवड्यातल्या तीन रात्री सासूबाईंच्या खोलीत हे झोपतात आणि शनिवारची रात्र धाकटे भाऊजी येऊन काढतात. "मला होत नाही" असं नुसतं सांगून जे तीन वर्षांत झालं नसतं, ते हिशेब पुढे ठेवल्यावर आठ दिवसांत झालं.

म्हणूनच मला वाटतं, वहीला विरोध करणाऱ्यांची खरी अडचण आर्तध्यानाची नाही. लिहिणारी बाई आज ना उद्या मोजायला लागते, ही अडचण आहे. रात्र कुणाची, दिवस कुणाचा, पेन्शन कुणाच्या खात्यात, पाय कुणाचे सुजलेले.

आणि इथंही शास्त्र तुमच्या बाजूला नाही, बरं का. त्याच भगवती आराधनेत सल्लेखना घेतलेल्या क्षपकाच्या सेवेला किती जण हवेत ते सांगितलं आहे. अठ्ठेचाळीस! चार-चार जणांचे गट. उठवायला-बसवायला चार, धर्मकथा ऐकवायला चार, मलमूत्र काढायला चार, दारावर चार, अशी कामं वाटून दिली आहेत. काळ कठीण असेल तर संख्या कमी करत आणा, पण निदान दोन तरी हवेतच. एकटा निर्यापक नको. कारण एकटा असला तर एक तर त्याचे स्वतःचे हाल होतात, नाही तर क्षपकाचे. घरदार सोडलेल्या, कसलेल्या मुनींच्या बाबतीत आचार्यांनी ही काळजी घेतली. आणि आपण दोन पोरांच्या आईला एकटीला निर्यापक करून वर विचारतो, तुला राग येतोच कसा?

वैयावृत्त्य हे अंतरंग तप आहे. त्यात ग्लान, म्हणजे आजारी साधूचा स्वतंत्र उल्लेख आहे. गावात संघ आला की चौका लावायला घरांची चढाओढ लागते, आणि लागावीच. पण त्याच गल्लीत पाच वर्षं अंथरुणात असलेल्या आजीजवळ दोन तास बसायला कुणी नाव नोंदवत नाही. तिथं ते वैयावृत्त्य राहत नाही, 'सुनेचं काम' होतं. आपल्या मंडळानं एक वही याचीही ठेवावी: कुणाच्या घरी कोण आजारी, आणि बुधवारी दुपारी तिथं कोण बसणार.

राहिलं तिसरं वाक्य, कुणाच्या हाती लागलं तर? ही भीती खरी आहे, मी तिची थट्टा करणार नाही. पण आपल्या दुकानांत रोजच्या रोज चोपडी लिहिली जाते, आपल्या शेतकरी घरांत उसाचं बिल आणि पाण्याची पाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली असते. पैशाचा हिशेब लिहिणं शहाणपण, आणि मनाचा लिहिला की घराची अब्रू जाते? वही कुलपात ठेवा. नावं लिहू नका. महिना झाला की वाचून, काय ते टिपून, पानं फाडून पाण्यात भिजवून टाका. लिहिण्याचा उपयोग लिहितानाच झालेला असतो. मात्र एक पथ्य कडक पाळा: आजारी माणसाच्या शरीराबद्दल जे लिहाल ते व्हॉट्सअ‍ॅपवर, स्टेटसवर, गप्पांत कुठेही जाऊ द्यायचं नाही. त्यांना उठून प्रतिवाद करता येत नाही. त्यांची लाज राखणं ही अहिंसाच आहे.

आणि वहीत रोज 'जगायला नको' असं उतरायला लागलं, तर वहीवर थांबू नका. घरात सांगा, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.

ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला नाही, त्यांना एवढंच सांगणं: पुढच्या वेळी सेवा करणारी बाई भेटली तर तिला गती सांगू नका. काल रात्री किती तास झोपलीस ते विचारा, आणि उत्तर ऐकून रविवारची दुपार तिला द्या. ज्यांच्या घरी आहे, त्यांनी उद्या एक वही आणा. पहिल्या पानावर णमोकार लिहा, दुसऱ्या पानापासून खरं लिहा.

जय जिनेंद्र.